डॉक्टरीणबाईच्या दंडावरची गाठ

मान अवघडली म्हणून गोळी मागायला गेलेल्या बाईला "ब्लाउज काढ आन पालथी पड" असं सांगणारी डॉक्टर मी तोवर पाहिली नव्हती. मी चिखलीला शाळेत मराठी शिकवते. परीक्षेचे पेपर तपासून मान धरली होती, सुट्टीला अमडापूरला आईकडे आले होते, आणि आई म्हणाली, "आपल्या कमल डॉक्टरणीले दाखव न." मला वाटलं, दोन गोळ्या मिळतील आणि सुटेन. तर ही बाई पदर कमरेला खोचून, पितळेच्या वाटीत तिळाचं तेल कोमट करत उभी. मी म्हटलं, "अहो, मला फक्त गोळी द्या. मला घाई आहे." तिनं वळूनसुद्धा पाहिलं नाही. "घाई हाये म्हणूनच मान धरली तुही," म्हणाली. "पड."

मी पडले. रागारागातच पडले. पण तिचा हात मानेवरून पाठीवर उतरला आणि माझा राग कुठे गेला ते मला कळलं नाही. लग्न होऊन, दोन मुलं होऊन, नोकरी करून इतकी वर्षं झाली होती, आणि या सगळ्यात माझ्या पाठीवर कुणी असा सावकाश हात फिरवला नव्हता. त्या दिवशी मी तिथेच झोपी गेले. उठले तेव्हा ती शेजारी बसून शेंगदाणे खात होती.

कमलबाई आयुर्वेदाची रीतसर पदवी घेतलेली डॉक्टर. माहेर खामगावकडचं. नवरा अमडापूरच्याच शाळेत शिक्षक, अख्खं गाव त्यांना 'सर' म्हणतं. राहत्या घराच्या पुढच्या खोलीत दवाखाना, तिथे टेबल, रक्तदाबाचं मशीन, वजनकाटा. मागच्या खोलीला जुन्या लुगड्याचा पडदा, आणि पडद्याआड रेक्झिन टाकलेला लाकडी पलंग नि गॅसची बारकी शेगडी. पुरुषांचं काम पुढच्या खोलीत संपायचं. त्यांना ती आल्याआल्या "आ कर" म्हणायची आणि टॉर्च मारून जिभेखाली, गालफडात तंबाखूनं काही झालंय का ते बघायची. मिश्री लावणाऱ्या बायांचीही सुटका नव्हती. एकाला तर तिनं लग्नाच्या पंगतीत, पानात जिलबी वाढलेली असताना, तोंड उघडायला लावलं होतं.

पण तिचं खरं काम मागच्या खोलीतलं. त्याची सुरुवात कशी झाली ते ती फार मजेनं सांगायची. नवी नवी डॉक्टर असताना तिनं बायांसाठी कर्करोग तपासणीचं शिबिर ठेवलं. मोठा बॅनर लावला. एक बाई फिरकली नाही. उलट शुगर तपासायला येणाऱ्या बायासुद्धा बॅनर बघून रस्त्याच्या पलीकडून जायला लागल्या. एकीला तिनं गाठून विचारलं, "काऊन वं, आत काऊन येत नाई?" तर ती म्हणाली, "बाई, ते नाव वाचूनच आंगात आलं तं?" कमलबाईनं त्याच दिवशी बॅनर उतरवला, सरांनी त्याचं गोठ्याला छप्पर केलं, आणि हिनं शेगडीवर तेल ठेवलं.

सोयाबीन सोंगून आलेल्या, कापूस वेचून आलेल्या कुठल्या बाईचं अंग दुखत नाही? "आंग दुखते न? ये, तेल लावून देते." एवढंच बोलावणं. पाठीपासून सुरुवात, मग खांदे, हात, काख. तोवर बाई सैलावलेली असायची आणि सासूची सगळी गाऱ्हाणी सांगून झालेली असायची. पण तिथून पुढे कमलबाई चोरून काही करत नसे. हात थांबवून सरळ विचारायची, "आता छातीले हात लावून पाह्यते, गाठबिठ हाये का. नको असंल तं सांग." त्या क्षणाला 'नको' म्हणणारी बाई मी ऐकली नाही. मग घरी स्वतःचं स्वतः कसं बघायचं तेही शिकवायची. "बोटाच्या टोकानं टोचू नको. भाकर थापतं तशी बोटं चपटी ठेव आन गोल फिरव. नाह्यली का दर महिन्याले एकदा पाह्यत जा. मुहूर्त नाई लागत त्याले."

शेवंताबाई म्हणून आमच्या गल्लीतली एक म्हातारी होती. नवरा जाऊन जमाना झाला होता, मुलं सुनांकडे, म्हणजे आपापल्या संसारात. ती एकदा तेल लावून घेताना मोठ्यानं रडायला लागली. कमलबाई घाबरली, कुठे दुखलं की काय. म्हातारी म्हणाली, "दुखलं नाई वं माय. शेवटच्या बाळंतपणानंतर आंगाले कोणाचा तेलाचा हातच नाई लागला." नंतर शेवंताबाईला दर शनिवारी तेल असे, दुखणं असो नसो.

तेल लावताना कमलबाईच्या तोंडाचा पट्टा चालू असायचा. कुणाची सोयरीक मोडली, कुणाच्या म्हशीला पारडू झालं, सरांनी कसं दुधात मीठ टाकलं. हात काम करतोय आणि तोंड हसतंय. तिच्या बोलण्याला तेवढा एकच नेम होता, की बोटांना काही लागलं तर ती बोलायची थांबे. गावातल्या बायांना हे माहीत झालं होतं. त्या पडल्या पडल्या तिच्या बडबडीकडे कान लावून असायच्या.

आणि गाठ लागली की तिचा स्वभाव पालटायचा. मग ती ऐकून घ्यायची नाही. गाठीवर औषध मागायला नवरे यायचे, "बाई, तुमच्याकडची एखादी पुडी द्या न, पोटातून वितळंल." ती खवळायची. "आधी सुई, मंग पुडी! माही पुडी भूक लावते, झोप लावते, पोट साफ करते. गाठ वितळवत असती तं मी अमडापुरात बसली असती का? गाठीतलं पाणी सुईनं काढून तपासू द्या, कागद आना, मंग माह्यासंगं बोला." पुष्कळ जण रागावून दुसरीकडे जात. तिथे त्यांना पुडी लगेच मिळे. कमलबाई मग त्या घरी जाऊन दारात उभी राहून भांडून येई. तिचं बोलणं जहाल होतं, आणि तिनं काही घरं कायमची तोडली, हेही सांगितलं पाहिजे.

आता आईचं सांगते.

हरभऱ्याच्या दिवसात आईचा खांदा दुखायला लागला आणि ती तेल लावायला गेली. वडील गेल्यापासून ती गावात एकटीच राहायची, शेत अर्धलीनं, निम्म्या वाट्यावर, दिलेलं तरी स्वतः जाऊन राबायची. दुपारी मला कमलबाईचा फोन आला. "शाळा सुटली का इकडं ये," एवढंच म्हणाली. मी पोचले तर आई पुढच्या खोलीत बाकावर तोंड फुगवून बसलेली, आणि कमलबाई गप्प. तिला गप्प बघूनच मी काय ते समजले.

छातीत डाव्या बाजूला गाठ होती. आई म्हणत होती, "दुखत नाई, खुपत नाई, मंग कायची गाठ? वायू असंल." कमलबाईनं सांगितलं की सुई घालून बघावं लागेल. तेव्हा आईनं तिचं खरं कारण काढलं. "सुई नाई. लोखंड लागलं का पसरते."

आमच्याकडे हे लहान पोरालाही ठाऊक असतं. गाठीला लोखंड लावू द्यायचं नाही. अमक्या गावची तमकी चांगली चालतीबोलती होती, सुई टोचली आणि महिन्यात गेली, अशी नावानिशी उदाहरणं प्रत्येकाकडे असतात. कमलबाईनं समजावलं, "मावशी, ती गेली कारण ती दवाखान्यात उशिरा पोचली. गाठ फुटल्यावर नेली तिले. सुईचं निमित्त झालं." आईनं मान हलवली. मी शिकलेली, मी पुस्तकातलं सांगितलं. आई म्हणाली, "तू पोरायले शिकव." मग जरा वेळानं स्वतःच समजूतदारपणे म्हणाली, "माहे कान टोचले तवा सोनारानं सोन्याच्या तारेनं टोचले. सोनं बाधत नाई. सोन्याची सुई असंल तं सांग, आत्ता झोपते."

मी कमलबाईला बाजूला घेतलं. म्हटलं, "सांगून टाका ना, सोन्याची आहे म्हणून. तिला काय कळतंय?" माझी आई मरेल या भीतीनं मी काहीही बोलले असते. कमलबाईनं माझ्याकडे रोखून पाहिलं. "खोटं बोलून हात लावला," ती म्हणाली, "तं उद्या या गावात माह्या हाताखाली कोन पडंल?"

मग तिनं एक विचित्र गोष्ट केली. तिच्या उजव्या दंडावर, ब्लाउजच्या बाहीखाली, बोराएवढी एक गाठ होती. चरबीची, निरुपद्रवी, वर्षानुवर्षांची. तेल लावताना ती सगळ्या बायांच्या डोळ्यांसमोर असायची. शेवंताबाई तिला 'डॉक्टरणीची सुपारी' म्हणायची. कमलबाईनं बाही वर केली आणि दंड आईपुढे धरला. "हे पाह्य. माही चरबीची हाये, तुही कायची हाये ते मले माहीत नाई. दोन्ही एक नाईत, हे आधीच सांगते. पन लोखंड तं एकच न? माह्या गाठीले लावून पाहू. पसरली तं तू म्हणतं ते खरं."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी बुलढाण्याला गेलो. तिथले सर्जन कमलबाईच्या ओळखीचे. ते आधी हसले, मग वैतागले. "मॅडम, ही चरबीची गाठ आहे हे तुम्हाला माझ्याइतकंच माहिती आहे. कशाला टोचून घेताय?" कमलबाई म्हणाली, "माहीत हाये. तुम्ही टोचा." आईला तिनं अगदी जवळ उभं केलं. सुई आत गेली. कमलबाईचा चेहरा जरा वाकडा झाला. आई इतकी वाकून बघत होती की सर्जनना तिला मागे सरकवावं लागलं. "रगत तं नाई आलं," आई म्हणाली. तिला त्याचं फार नवल वाटलं.

त्यानंतरचा आठवडा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. कमलबाई रोज सकाळी आमच्या घरी यायची, आईच्या खांद्याला तेल लावायची, आणि मग स्वतःची बाही वर करून दंड पुढे करायची. आता आई तपासायची. चष्मा लावून, खिडकीशी नेऊन, बोटं भाकरीसारखी चपटी ठेवून, गोल फिरवत. कमलबाई शहाण्या पेशंटसारखी बसून राहायची. "पसरली का वं मावशी?" "थांब. हालू नको." मग खूप वेळानं, "नाई. हाये तशीच हाये." मी शाळेतून रजा घेऊन राहिले होते, कामाचं निमित्त काढून तिथेच घुटमळायची. मला एकेक दिवस जड जात होता. एकदा न राहवून मी कमलबाईला म्हटलं, असा वेळ घालवणं बरोबर आहे का? ती म्हणाली, "आठ दिवसानं काही होत नाई पोरी. आज वढून नेली आन ती मधूनच पळाली, तं मंग आठ महिने जातीन."

एका सकाळी आईनं दंड तपासला, चष्मा काढला, पदरानं पुसला आणि म्हणाली, "चाल. पन हात तू धरशील."

गाठ वाईटच निघाली. मोठ्या शहरातलं हॉस्पिटल, ऑपरेशन, मग केमो, मग शेक, म्हणजे रेडिएशन. ते सगळं सांगत बसत नाही. ज्यांच्या घरात झालंय त्यांना माहीत आहे, आणि ज्यांच्या घरात नाही त्यांना माहीत नसलेलंच बरं. कमलबाईचं सांगते. तिनं आईसाठी एक काढा योजून ठेवला होता. पण देण्याआधी तिनं हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंना फोन केला आणि त्यात काय काय आहे ते सगळं वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, केमो चालू असेपर्यंत नको. कमलबाईनं आमच्यासमोर तो काढा मोरीत ओतला. मला वाटलं, तिला वाईट वाटलं असेल. ती म्हणाली, "वाईट कायचं? त्यायचं औषध आत काम करून राह्यलं, त्याच्या आडवं माहं गेलं तं? केमो झाली का पुन्हा विचारीन." आणि खरंच पुन्हा विचारलं. तेव्हा त्यांनी हो म्हटलं.

तोवर ती जे करता येईल ते करत होती. तोंड आलं की मिठा-सोड्याच्या गुळण्या, मऊ मुगाची खिचडी, वर तुपाची धार. नातेवाइकांनी आईचं वांगं बंद केलं, दूध बंद केलं, भात बंद केला, गोड बंद केलं. प्रत्येक येणारा एकेक पदार्थ बंद करून जायचा. कमलबाईनं सगळ्यांना ओसरीत उभं करून झापलं. "पथ्य पथ्य करून उपाशी मारता का तिले? हॉस्पिटलवाले खाऊ घाला म्हणून राह्यले, आन तुम्ही ताट वढता!" संध्याकाळी आईला देवीच्या टेकडीच्या रस्त्यानं झेपेल तेवढं चालवायची, वाटेत बसवून सावकाश श्वास घ्यायला लावायची. ऑपरेशननंतर हात सुजला, तेव्हा हॉस्पिटलातून शिकून आली आणि तो हात अगदी हलक्या बोटांनी वर वर चोळायची. आईचे केस गेले तेव्हा आई पदर डोक्यावरून काढेना, माझ्यासमोरही नाही. कमलबाईनं तो आपल्या हातानं मागे सारला, टाळूवर थेंबभर तेल टाकलं आणि म्हणाली, "बरं झालं. आता तेल कमी लागते तुले." आई किती दिवसांनी हसली.

आई बरी झाली. दंडावर डोकं ठेवून शेतात झोपण्याइतकी, मला फोनवर रागावण्याइतकी बरी झाली. तिची तिच्या कमलशी घट्ट मैत्री जमली होती. 'डॉक्टरीणबाई' म्हणणं कधीच सुटलं होतं. हॉस्पिटलात तपासणी झाली की घरी जाण्याआधी तिच्याकडे जायचं, काय झालं ते सगळं सांगायचं, कमलबाईनं कमरेवर हात ठेवून ऐकायचं, हा त्यांचा ठरलेला कार्यक्रम.

मग एका पहाटे कमलबाई गेली. अंगण झाडताना खाली बसली ती उठलीच नाही. डोक्यातली रक्तवाहिनी फुटली असं म्हणाले. लोक मला विचारतात, तिलाच कॅन्सर झाला असेल ना? लोकांना गोष्टीत असलं काहीतरी हवं असतं. नाही झाला. रक्तदाबाच्या गोळ्या नेमानं घेत होती, तरी गेली. तिच्या अंत्ययात्रेला बाया इतक्या होत्या की पुरुषांना मागे राहावं लागलं. आमच्याकडे बाया स्मशानापर्यंत जात नाहीत. त्या दिवशी गेल्या, आणि कुणी त्यांना अडवलं नाही. शेवंताबाई दोघींच्या आधारानं गेली.

मला तिची आठवण कशी येते ते सांगता येत नाही. मान धरते तेव्हा येतेच. पण वर्गात शिकवत असताना, भाजी निवडताना, उगाचच, माझ्या पाठीला तो हात हवासा वाटतो. मी पैसे देऊन मसाज करून पाहिला आहे. तिथे मंद संगीत असतं. दुधात मीठ टाकणाऱ्या सरांची गोष्ट तिथे कुणी सांगत नाही.

गेल्या हिवाळ्यात आईची तपासणी होती. हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी सगळे रिपोर्ट पाहिले आणि म्हणाल्या, "आजी, सगळं छान आहे. आता वर्षातून एकदा तोंड दाखवून जा फक्त. मजेत राहा." मी तिथेच रडले. आई मात्र रिपोर्ट पिशवीत घालून उठली. चिखलीला माझ्याकडे रात्र काढ म्हटलं तर ऐकेना, अमडापूरचीच एस.टी. धरायला लावली. उतरल्यावर ती घराच्या रस्त्याला न लागता बाजाराच्या दिशेनं, दवाखान्याकडे, चालायला लागली. म्हटलं, हिला आठवत नाहीये की काय? "आई," मी म्हटलं, "कमलबाई नाहीये आता." ती न थांबता म्हणाली, "मले माहीत हाये."

दवाखान्याचं शटर खाली होतं. सर बाजूच्या दारातून आले, आम्हाला बघून गडबडले, आत बसवलं, पाणी आणलं. किती वाळले होते ते. आई हातातल्या पेल्याकडे बघत म्हणाली, "डॉक्टर म्हणे, आता काही नाई. वर्षातून एक डाव या म्हणे."

"अरे वा!" सर म्हणाले. "बसा, बसा. सगळं सांगा. मी ऐकतो न."

"तुम्हाले नाई," आई म्हणाली. "मले तिले सांगाचं होतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आई असं कसं बोलली! पण सरांना राग आला नाही. ते खाली बघत म्हणाले, "हाव. मलेबी रोज तिलेच सांगाचं असते."

आईनं पेला खाली ठेवला, पाय वर घेऊन बाजेवर नीट मांडी घातली, आणि म्हणाली, "मंग ते सांगा, सर. मले आता लय टाइम हाये."